स्लिंगचा कोन

(वस्तीत रात्रीचा गणिताचा अभ्यासवर्ग सुरू झाला त्या पहिल्या दिवशी केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. आकडे तेवढे पुन्हा तपासून घेतलेत.)



मला लोक बोलवतात ते कविता वाचायला. या वेळी निरोप आला की गणितावर बोल. मला वाटलं पोरं थट्टा करतायत. मी गोदीत ठेकेदाराकडं माल चढवणारा-उतरवणारा माणूस. शिक्षण दहावी पास, आणि दहावीला गणितात काठावरचे मार्क. मास्तरांनी ढकललं म्हणून पास झालो असं आमच्या घरात अजून म्हणतात. असल्या माणसानं बीजगणित आणि त्रिकोणमितीवर काय बोलायचं?

मग पाळी संपवून घरी येताना विचार केला. ज्यांना गणित लहानपणापासून येतं ते आपल्याला गणित का येत नाही हे सांगू शकत नाहीत. त्यांना ती अडचण ठाऊकच नाही. मला ठाऊक आहे. मी गेली तीन वर्षं रात्री अकरानंतर वह्या भरतोय. अपूर्णांकापासून सुरुवात केली, आता त्रिकोणमितीत आहे, पुढं कलन शिकायचंय. कुठं कुठं आपटलो ते सगळं ध्यानात आहे. तेवढंच सांगणार आहे.

आधी एक तक्रार आपल्याच लोकांबद्दल. १९७२ साली पँथर उभी राहिली. त्याच साली ‘गोलपिठा’ आला. तेव्हापासून आपण खूप काही हिसकावून घेतलं. भाषा घेतली, साहित्य घेतलं, इतिहास उलटा करून वाचला, कायदा वाचला. आपला पोरगा आज घटनेची कलमं तोंडपाठ म्हणतो, मार्क्सवर दोन तास भांडतो. पण त्याच्यापुढं वर्गसमीकरण ठेवा. तो हसतो आणि म्हणतो, “जाऊ दे ना भाई, आपलं मॅथ्स कच्चंय.” हे तो लाजत म्हणत नाही, कौतुकानं म्हणतो. कवी असेल तर जास्तच कौतुकानं. मीही म्हणायचो. सगळी पुस्तकं आपण ओढून आणली, गणिताचं पुस्तक तेवढं त्यांच्याच कपाटात ठेवलं. आणि दहावीनंतर आपली पोरं आर्ट्सला जातात तेव्हा किती जणं आवडीनं जातात आणि किती जणं गणितातून पळून जातात, हे ज्यानं त्यानं छातीवर हात ठेवून सांगावं.

बाबासाहेबांच्या शाळेतली गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरी सांगतो. मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल. मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. तो उठला तशी वर्गातली पोरं ओरडत फळ्याकडं धावली. का? फळ्यामागं त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. याचा हात फळ्याला लागायच्या आधी डबे हलवायचे होते. डबे बाजूला झाले आणि मग त्याला फळा मिळाला. १९०७ साली तो पोरगा मॅट्रिक झाला.

आपण ही गोष्ट विटाळाची म्हणून सांगतो. बरोबरच आहे. पण मी ती आता वेगळी वाचतो. तो फळ्यावर काय करायला चालला होता? उदाहरण सोडवायला. आपण डब्यांवरून शंभर वर्षं रागावलो. फळ्यावरचं उदाहरण मात्र विसरलो.

माझ्या शाळेत डबे कुणी हलवले नाहीत. काळ बदललाय. माझे मास्तर सज्जन होते, मारायचे नाहीत. एकदा म्हणाले, “तुम्ही लोक पाठांतरात चांगले, भाषणात चांगले. गणित जरा रक्तात लागतं.” एवढंच. प्रेमानं म्हणाले. मी पंधरा वर्षांचा होतो. मला ते खरं वाटलं आणि मी मोकळा झालो. रक्तातच नाही म्हटल्यावर करायचं काय? डबे हलवायची गरजच उरली नाही, मीच फळ्याकडं जायचा थांबलो.

आता गोदीतली गोष्ट.

आमच्या टोळीत एक मामा होते. सगळ्यांचेच मामा. तीस वर्षं स्लिंग बांधलेला माणूस. एके दिवशी लोखंडी सळयांचा भारा उचलत होतो. बारा मीटर लांब सळया, भाऱ्याचं वजन दोन टन. दोन ठिकाणी तारेच्या दोराच्या स्लिंग लावलेल्या, दोन्हींची वरची टोकं क्रेनच्या हुकात. भारा माणसाच्या कमरेएवढा वर गेला आणि एक स्लिंग तुटली. मामांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशी झाली. साहेबानं लिहिलं ते असं. प्रत्येक स्लिंगच्या बिल्ल्यावर दीड टन कोरलेलं. दोन स्लिंग, म्हणजे दीड अधिक दीड तीन टन. भारा दोन टनांचा. म्हणजे स्लिंग पुरेशा होत्या. सबब बांधणाऱ्याची चूक. बांधले कुणी? मामांनी. विषय संपला.

आम्ही बारा माणसं तिथं उभी होतो. सगळ्यांना पोटातून कळत होतं की काहीतरी खोटं आहे. मामा म्हणायचे, “स्लिंग आखूड आहे रे, आडवी पडते, ती ओरडते.” पण दीड अधिक दीड तीन, याला उत्तर काय देणार? आम्ही शिव्या दिल्या. मी घरी येऊन कविता लिहिली. कविता चांगली होती, छापून आली. मामांचा पाय कविता वाचून परत आला नाही आणि साहेबाच्या कागदावरचा एक अंकही हलला नाही.

आमच्या चाळीत एक पोरगी बीएस्सी करते. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मला दादा म्हणते, आणि आता शिकवायला लागल्यापासून मी तिला मॅडम म्हणतो. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “दादा, दोन माणसांनी एका दोरीत हंडा अडकवून कधी उचललायस?” उचललाय की. नळावरून आणलेलं पाणी. “जवळजवळ उभे राहिलात तर काय होतं, आणि लांब लांब सरकलात तर?” लांब सरकलं की हात थरथरायला लागतात. हंडा तोच, पाणी तेवढंच. “तो जो थरथराट आहे ना,” ती म्हणाली, “त्याला त्रिकोणमिती म्हणतात.”

घरी करून बघा. दोरी जितकी आडवी पडेल तितका ताण वाढतो. कारण आडवी दोरी आपली बरीचशी ताकद आजूबाजूला ओढण्यात घालवते, वर उचलायला तिचा थोडाच हिस्सा उरतो. तो हिस्सा किती? दोरी आडव्या रेषेशी जो कोन करते त्या कोनाची साइन. दोन दोऱ्या मिळून वजन उचलतात. म्हणजे दोन गुणिले ताण गुणिले साइन, बरोबर वजन. आता यातून ताण एकटा काढायचा तर बाकीचे दुसऱ्या बाजूला न्यायचे. ताण बरोबर वजन भागिले दोन साइन. हे आठवीचं बीजगणित. मला आठवीत याचा कंटाळा यायचा, कारण कुणी सांगितलं नव्हतं की ते अक्षर म्हणजे मामांच्या डोक्यावरची दोरी आहे.

मी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्याच जोडीची उरलेली स्लिंग सुतळीनं मोजली. सव्वातीन मीटर. भाऱ्यावर दोन्ही स्लिंगच्या खुणा होत्या, त्यांतलं अंतर सहा मीटर. मधोमध हुक, म्हणजे एका बाजूला तीन मीटर. काटकोन त्रिकोण झाला. कर्ण सव्वातीन, पाया तीन. सव्वातीनचा वर्ग १०.५६२५. तीनचा वर्ग ९. वजा केले, राहिले १.५६२५. त्याचं वर्गमूळ १.२५. म्हणजे हुक भाऱ्यापासून फक्त सव्वा मीटर वर. साइन म्हणजे उंची भागिले कर्ण, सव्वा भागिले सव्वातीन, म्हणजे पाच तेरांश. ताण बरोबर दोन भागिले दहा तेरांश. सव्वीस दशांश. २.६ टन.

दीड टनाच्या स्लिंगवर २.६ टन. एकेका स्लिंगवर.

मी ते उत्तर तीनदा काढलं. मॅडमला दाखवलं. रात्रीचे दीड वाजले होते. मी उठून बाहेर गॅलरीत गेलो आणि रडलो, खोटं कशाला बोलू.

आता प्रामाणिकपणानं सांगायचं तर नवा दोर एवढ्यानं तुटत नाही. बिल्ल्यावर लिहितात त्याच्या काही पट ताकद त्याच्यात राखून ठेवलेली असते. पण ती झिजेसाठी, गंजासाठी, झटक्यासाठी. आमची स्लिंग जुनी होती, तारा उसवलेल्या. त्यात कोनानं राखीव ताकद आधीच खाल्लेली. तो कोन साडेबावीस अंशांच्या जरा वर निघतो. तीस अंशांच्या खाली स्लिंग लावू नये हा उचलण्याच्या कामातला सर्वसाधारण नियम आहे. मग उपाय काय होता? फार मोठा नव्हता. सहा मीटरच्या स्लिंग द्यायच्या. पायाशी सहा मीटर, दोन्ही बाजू सहा मीटर, समभुज त्रिकोण, कोन साठ. तेव्हा एका स्लिंगवर १.१५ टन येतात, दीडच्या आत. मामांनी बांधण्यात काही चूक केली नव्हती. त्यांना आखूड दोर दिला होता.

हे सगळं मी एका कागदावर आकृतीसकट लिहिलं आणि युनियनच्या माणसाबरोबर साहेबाकडं गेलो. साहेबानं कागद वाचला. परत वाचला. मग माझ्याकडं बघून पहिला प्रश्न विचारला तो असा: “हे तुला कुणी लिहून दिलं?”

मित्रांनो, त्या क्षणी मला फळ्यामागचे डबे दिसले.

मी म्हणालो, साहेब, पेन द्या, तुमच्यासमोर पुन्हा काढतो. आणि काढलं. कागद फाइलला लागला. भरपाईचा निकाल मी हे बोलतोय तोवर लागलेला नाही, तेव्हा टाळ्या वाजवू नका. पण ‘बांधणाऱ्याची चूक’ हे वाक्य आता त्या फाइलमध्ये एकटं नाही. आणि शेडमध्ये सहा मीटरच्या स्लिंग आल्या. त्या मी रोज हातात धरतो.

तिथून मी गणितात शिरलो. आता या वर्गात तुम्ही कुठं आपटणार ते सांगतो.

पहिली गोष्ट, सगळे म्हणतात त्रिकोणमिती अवघड. मला त्रिकोणमितीनं नाही पाडलं, अपूर्णांकानं पाडलं. दोन भागिले दहा तेरांश, इथं माझी बोटं थांबायची. गंमत बघा, माझी आजी भाजी विकायची. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे तिच्या जिभेवर होतं. पावशेर, अदपाव तोंडी करायची. तिला कुणी म्हटलं नाही की तुझ्या रक्तात गणित नाही. तेच पाव शाळेत एकाखाली चार लिहून आलं आणि तिचा नातू घाबरला. तेव्हा पहिले पंधरा दिवस फक्त अपूर्णांक. ज्याला लाज वाटेल त्यानं आजीची आठवण काढावी.

दुसरी गोष्ट, चिन्हं. वजा गुणिले वजा अधिक का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, छडी दाखवली होती. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली अधिक-वजाचे नियम लिहिले ते धन आणि ऋण या शब्दांत. ऋण म्हणजे कर्ज. ते आपल्याला कुणी शिकवायला नको! दोन कर्जं मिळवली की मोठं कर्ज. आणि महिन्याला पाचशेचं एक अशी तीन कर्जं कुणी काढून घेतली, तर तुमच्या खिशात पंधराशेनं भर पडली. वजा तीन गुणिले वजा पाचशे. झालं.

तिसरी गोष्ट, कंसाचा वर्ग. अ अधिक ब, सगळ्याचा वर्ग. मी तीन महिने बेधडक अ वर्ग अधिक ब वर्ग लिहीत होतो. मॅडम लाल रेघ मारायची. शेवटी गोदामाची फरशी डोळ्यांपुढं आणली तेव्हा उजेड पडला. चौरस गोदाम आहे, बाजू अ. दोन बाजूंनी ब एवढं वाढवलं. तर कोपऱ्यात ब वर्गाचा तुकडा येतो हे खरं, पण दोन्ही बाजूंना अ गुणिले ब चे लांब पट्टे येतात. ते दोन पट्टे मी विसरत होतो. जागा दिसली की सूत्र पाठ करावं लागत नाही.

याच फरशीवर वर्गसमीकरण सुटतं. बगदादमध्ये साधारण ८२० च्या सुमारास अल-ख्वारिझ्मीनं बीजगणितावर पुस्तक लिहिलं. त्यातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. क्ष वर्ग अधिक दहा क्ष बरोबर एकोणचाळीस. दहा क्ष चे दोन पट्टे करा, पाच-पाच क्ष चे, आणि चौरसाच्या दोन बाजूंना लावा. कोपरा रिकामा राहतो, पाच बाय पाच, पंचवीसचा. तो भरा. एकोणचाळीस अधिक पंचवीस चौसष्ट. मोठ्या चौरसाची बाजू आठ. पाच काढले, क्ष तीन. पूर्ण वर्ग करणं म्हणतात ते हेच, रिकामा कोपरा भरणं. त्यानं उणे उत्तर सोडून दिलं होतं. आज आपण उणे आठही घेतो, म्हणून क्ष बरोबर उणे तेरा हे दुसरं उत्तरही मिळतं. पाठ केलेलं लांबलचक सूत्र याच कोपऱ्यातून निघतं. एकदा स्वतः काढा, मग ते विसरलात तरी पुन्हा काढता येईल.

चौथी गोष्ट, इंग्रजी. ही भिंत मुद्दाम बांधल्यासारखी आहे. दहावीपर्यंत आपण मराठीत ‘वर्गसमीकरण’ म्हणतो. अकरावी सायन्सला गेलं की एका सुट्टीत त्याचं ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ होतं. माणूस तोच, नाव बदललं, आणि आपल्या पोराला वाटतं आपण दुसऱ्याच मुलखात आलो. अवयव म्हणजे फॅक्टर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, घातांक म्हणजे एक्स्पोनंट. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडा आणि रोज पाच शब्द लिहा. शब्दामुळं हरलेल्याला लोक गणितात हरलेला म्हणतात.

पाचवी गोष्ट, रेडियन. अंश चालू असताना मध्येच हे काय, म्हणून सगळे वैतागतात. विंचचा ड्रम बघा. ड्रम एक रेडियन फिरला की त्रिज्येएवढा दोर गुंडाळला जातो. दोन रेडियन, दोन त्रिज्या. कोन आणि दोर यांचा सरळ हिशेब लागावा म्हणून ते माप आहे. पुढच्या गणितात साइनबरोबर रेडियनच चालतो, तेव्हा आत्ताच मैत्री करा.

आता तुम्ही विचाराल, स्लिंगचा हिशेब आला, बास झालं की. पुढचं गणित कशाला? मी एक तक्ता केला. दोन टनांचा भारा. कोन साठ असेल तर एका स्लिंगवर १.१५ टन. पंचेचाळीसला १.४१. तीसला २. पंधराला ३.८६. कोन प्रत्येक वेळी पंधराच अंशांनी उतरलाय. पण ताण आधी पाव टनानं वाढला, मग अर्ध्याहून जास्त, मग एकदम पावणेदोन टनांच्या वर. उतरण सारखी, आणि चढण अशी. कोन शून्य झाला तर साइन शून्य, आणि मग जगातला कुठलाच दोर पुरत नाही. बदल किती वेगानं बदलतो, कुठल्या जागेपासून धोका धावायला लागतो, हे सांगणारं गणित म्हणजे कलन. भारा हलतो, झटका बसतो, क्रेन फिरते, यातलं काहीच थांबलेलं नसतं. थांबलेल्या जगाचं गणित मला आलं, हलत्या जगाचं शिकायचंय. आणि कलनात लोक कलनामुळं नापास होत नाहीत. मॅडम सांगते, तिच्या वर्गात पोरं अडतात ती अवयव पाडताना, अपूर्णांक सोपा करताना, साइन-कोसाइनची नित्यसमानता न आठवल्यामुळं. म्हणून हा वर्ग.

काही जण म्हणतील, हे ज्ञान त्यांचं, ब्राह्मणांचं, आपण कशाला मागं लागायचं. त्यांना दोन गोष्टी सांगतो.

चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथं १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्याचा नातू चांगदेव यानं आजोबाचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला, आणि त्या मठाच्या खर्चासाठी बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा लावून दिला गेला. तेलघाण्यांकडून तेल लावून दिलं गेलं. लेखाचा हा भाग मराठीत आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ शिकवायची सोय होती आणि तिचा खर्च घाम गाळणाऱ्यांच्या मालातून निघत होता. माल पिकवणाऱ्याचं, ओझं वाहणाऱ्याचं, घाणा फिरवणाऱ्याचं पोर त्या मठात बसलं असेल का, याचं उत्तर तुम्हाला माझ्याकडून नको. तेव्हा फुकट काही मागत नाही आपण. पैसे भरलेत.

दुसरी गोष्ट साइनची. आर्यभटानं ४९९ साली साइनचा तक्ता दिला, पावणेचार पावणेचार अंशांच्या टप्प्यानं, चोवीस आकडे. त्रिज्या ३४३८ धरली तर तीस अंशांना त्याचा आकडा १७१९ येतो, बरोबर निम्मा. आजही तीसची साइन अर्धाच आहे. त्या वेळचा शब्द ‘ज्या’ किंवा ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी. हा शब्द अरबीत ‘जीब’ होऊन गेला, तिथं पुढं ‘जैब’ असा वाचला गेला, जैब म्हणजे कपड्याचा घोळ, आणि बाराव्या शतकात लॅटिन करणाऱ्यांनी त्याचं ‘सायनस’ करून टाकलं. तिथून साइन. म्हणजे ही दोरी कुणा एका जातीच्या, एका देशाच्या खुंटीला बांधलेली नाही. बगदादच्या माणसानं हात लावला, लॅटिनवाल्यानं लावला, कुणाचा विटाळ झाला नाही. धनुष्याची दोरी म्हटलं की मला एकलव्य आठवतो. त्याचा अंगठा मागणाऱ्याला ठाऊक होतं की याच्या रक्तात सगळं आहे.

आणखी एक माणूस सांगतो आणि संपवतो. आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. ती संघटना १९६६ ची. पण त्याच काळातला दुसरा एक काळा कार्यकर्ता आपल्याकडं कुणी वाचत नाही. बॉब मोझेस. न्यूयॉर्कला गणित शिकवणारा मास्तर. १९६० नंतर तो मिसिसिपीत गेला आणि शेतमजुरांची नावं मतदारयादीत घालायच्या कामात मार खाल्ला, तुरुंगात गेला. तिथं काळ्यांना मत नाकारायला वाचता येतं का याची परीक्षा घेत. पुढं तो टांझानियात गणित शिकवून परतला. आपल्या पोरीच्या शाळेत आठवीला बीजगणितच शिकवत नाहीत हे बघून स्वतः वर्गात जाऊन शिकवायला लागला. १९८२ साली त्याला मोठी शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा केला. त्याचं म्हणणं सरळ होतं. जे काम मिसिसिपीत मतानं केलं तेच आता बीजगणितानं करायचं. बीजगणित न येणारा माणूस या यंत्रांच्या जगात बिनमताचा नागरिक. २०२१ साली तो वारला, तोवर तेच करत होता.

तो अधिक-वजा शिकवायला पोरांना बोस्टनच्या भुयारी रेल्वेत बसवायचा. आपल्याकडं हार्बर लाइन आहे. डॉकयार्ड रोड शून्य धरा. रे रोड अधिक एक, कॉटन ग्रीन दोन, शिवडी तीन. उलट्या बाजूला सँडहर्स्ट रोड उणे एक, मस्जिद उणे दोन. मस्जिदहून शिवडीला किती स्टेशनं? तीन वजा उणे दोन, पाच. पास काढलेला प्रत्येक माणूस हे गणित रोज पायांनी करतो.

तर वर्गाचे नियम. रोज रात्री आठ ते साडेनऊ. रात्रपाळीवाल्यांसाठी रविवारी सकाळी. कुणी कुणाला ‘एवढं पण येत नाही?’ म्हणायचं नाही. म्हणेल त्यानं झाडू मारायचा. उत्तर चुकलं तर पुसायचं नाही, बाजूला रेघ मारून पुन्हा काढायचं, म्हणजे कुठं घसरलो ते दिसतं. पोरींसाठी जागा पुढं. पोरगी पाणी भरून उशिरा आली तर तिचं उदाहरण आपण थांबून पुन्हा करायचं. ज्याला आज येईल त्यानं उद्या दुसऱ्याला शिकवायचं. मी इथं मास्तर नाही, तुमच्या दोन पानं पुढं असलेला विद्यार्थी आहे. माझं अडलं तर मॅडम आहे.

कविता मी सोडलेली नाही. मामांवरची कविता मला अजून आवडते. पण त्या कागदावर सव्वीस दशांश लिहिलं तेव्हा हात जसा चालला तसा कवितेत अजून चाललेला नाही. दोन्ही पाहिजे.

इथं भिंतीवर फळा लावलाय. मामांच्या भाच्यानं काल रंग दिला, अजून थोडा ओला आहे. त्याच्यामागं कुणाचा डबा नाही, मी बघून घेतलंय.

उद्या आठ वाजता. अपूर्णांक. वही आणा.

जयभीम.